ग्राफिक्स कार्ड निवडताना : कंपनीच्या नावाआधी तपासायच्या गोष्टी

परभणीपासून अठरा-वीस किलोमीटरवर असलेले पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या प्राचीन मंदिरासाठी मराठवाड्यात सर्वपरिचित आहे. परभणी-परळी रेल्वेमार्गावरील स्थानकालाही या दैवताचेच नाव जोडलेले आहे. अशा गावांतील घराघरांत आता संगणक पोहोचला असून त्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांचे वेडही तरुणांमध्ये रुजले आहे. या खेळांसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायचे ठरले, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : एनव्हिडिया घ्यावे की एएमडी? अलीकडे त्यात इंटेल या तिसऱ्या नावाची भर पडली आहे.

हा प्रश्न हौसेचा वाटला तरी खर्च हौसेपुरता नसतो. मध्यम प्रतीच्या कार्डासाठी तीस हजार रुपये धरले, तर हिशेब असा होतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला होता. म्हणजे एका कार्डाची किंमत साडेपाच क्विंटलांहून अधिक सोयाबीन इतकी झाली आणि बाजारात हमीभाव मिळतोच असेही नाही. एवढी रक्कम केवळ मित्राच्या शिफारशीवर किंवा एखाद्या चित्रफितीतील तक्त्यावर विसंबून खर्च करणे परवडणारे नाही. म्हणूनच निवडीचा हा विषय थोडा मुळापासून समजून घेणे आवश्यक ठरते.

चिप एकाची, कार्ड दुसऱ्याचे

ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर बहुधा दोन नावे असतात आणि ग्राहकाचा गोंधळ येथूनच सुरू होतो. एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल या कंपन्या प्रामुख्याने चित्रप्रक्रिया करणारी मूळ चिप तयार करवून घेतात. एनव्हिडियाच्या चिपमालिकेचे नाव जीफोर्स, एएमडीच्या मालिकेचे रेडिऑन, तर इंटेलच्या मालिकेचे आर्क असे आहे. ही चिप विकत घेऊन तिच्याभोवती सर्किट बोर्ड, मेमरी, पंखे आणि उष्णता वाहून नेणारा धातूचा सांगाडा बसवण्याचे काम अन्य कंपन्या करतात.

असूस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर, पॉवरकलर, एएसरॉक ही या दुसऱ्या गटातील परिचित नावे होत. यांपैकी झोटॅकची कार्डे एनव्हिडियाच्या चिपवर आधारलेली असतात, तर सफायर आणि पॉवरकलर यांची एएमडीच्या. असूस आणि गिगाबाइट यांची दोन्ही प्रकारची कार्डे बाजारात आली आहेत. एकाच चिपवर बेतलेल्या दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या कार्डांत खेळाच्या वेगाचा फरक सहसा अल्प असतो. फरक पडतो तो पंख्यांचा आवाज, तापमान, कार्डाची लांबी आणि हमी यांत. साहजिकच खेळ किती वेगाने चालेल याचे उत्तर चिपमध्ये, तर कार्ड किती वर्षे टिकेल आणि बिघडल्यास काय होईल याचे उत्तर कार्ड बनवणाऱ्या कंपनीत शोधावे लागते.

चुरशीची तीन दशके

एनव्हिडियाची स्थापना १९९३ साली अमेरिकेत झाली. तिची प्रमुख प्रतिस्पर्धी ठरलेली एटीआय ही कॅनडातील कंपनी १९८५ पासून या क्षेत्रात होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र थ्रीडीएफएक्स या कंपनीच्या ‘वूडू’ कार्डांचा बोलबाला होता. ही कंपनी मागे पडली आणि २००० च्या अखेरीस तिची बौद्धिक संपदा एनव्हिडियाने विकत घेण्याचा करार केला. २००६ मध्ये एएमडीने सुमारे ५.४ अब्ज डॉलर मोजून एटीआय खरेदी केली आणि तेव्हापासून सुट्या कार्डांची बाजारपेठ दोन कंपन्यांत विभागली गेली. इंटेलने १९९८ मध्ये एकदा या क्षेत्रात प्रवेश करून माघार घेतली होती. २०२२ मध्ये आर्क मालिका आणून ती पुन्हा स्पर्धेत उतरली.

ही स्पर्धा समतोल राहिलेली नाही. जॉन पेडी रिसर्च या संस्थेच्या २०२५ मधील आकडेवारीनुसार सुट्या ग्राफिक्स कार्डांच्या विक्रीत एनव्हिडियाचा वाटा नव्वद टक्क्यांहून अधिक होता. मात्र बहुसंख्य लोक एक वस्तू घेतात म्हणून ती प्रत्येकाच्या गरजेची असतेच असे नाही. मागे असलेली कंपनी अनेकदा त्याच किमतीत अधिक मेमरी किंवा अधिक वेग देऊन ग्राहक मिळवू पाहते. सावध ग्राहकाला त्याचा लाभ घेता येतो.

कोणाचे पारडे कोठे जड?

एनव्हिडियाची खरी ताकद खेळापलीकडच्या कामांत दिसते. २००६ मध्ये तिने जाहीर केलेल्या ‘कुडा’ या प्रणालीमुळे चिपचा उपयोग गणिती कामांसाठी करणे सोपे झाले. कृत्रिम बुद्धिमत्ता, त्रिमितीय आरेखन आणि चित्रफितींचे संपादन यांतील अनेक सॉफ्टवेअर आजही कुडा गृहीत धरून लिहिलेली असतात. घरातील मुलगा वा मुलगी अभियांत्रिकीला असेल आणि त्याच संगणकावर प्रकल्प करायचे असतील, तर हे कारण एनव्हिडियाच्या बाजूने पुरेसे सबळ आहे.

दुसरा मुद्दा चित्र मोठे करण्याच्या तंत्राचा. आजचे खेळ पूर्ण आकाराचे चित्र प्रत्येक वेळी रेखाटत नाहीत. ते लहान आकारात रेखाटून संगणकीय युक्तीने मोठे व सुस्पष्ट केले जाते आणि त्यामुळे वेग वाढतो. एनव्हिडियाचे डीएलएसएस हे तंत्र केवळ तिच्या आरटीएक्स कार्डांवर चालते आणि त्याचा दर्जा उत्तम मानला जातो. एएमडीचे एफएसआर २०२१ मध्ये आले, तेव्हा ते प्रतिस्पर्ध्यांच्या कार्डांवरही चालत असे. २०२५ मध्ये आलेल्या एफएसआर ४ ने दर्जातील अंतर बरेच कमी केले, पण ते एएमडीने आरएक्स ९००० मालिकेसाठी आणले. इंटेलचे एक्सईएसएस हे असेच तिसरे तंत्र आहे. प्रकाशकिरणांचे परावर्तन हुबेहूब दाखवणाऱ्या ‘रे ट्रेसिंग’मध्येही एनव्हिडियाने २०१८ पासून आघाडी घेतली. मात्र स्वस्त कार्डांवर ही सोय चालू केली, की वेग इतका घटतो की बहुतेक जण ती बंदच ठेवतात. जी सोय वापरली जाणार नाही, तिच्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

एएमडीचे बळ किमतीच्या हिशेबात आहे. जून २०२५ मध्ये तिचे आरएक्स ९०६० एक्सटी हे कार्ड १६ जीबी मेमरीसह अमेरिकेत ३४९ डॉलरना बाजारात आले. एनव्हिडियाचे १६ जीबीचे आरटीएक्स ५०६० टीआय त्याआधी एप्रिलमध्ये ४२९ डॉलरना आले होते. इंटेलने डिसेंबर २०२४ मध्ये आर्क बी५८० हे १२ जीबीचे कार्ड २४९ डॉलरना आणून दोघांनाही आव्हान दिले. भारतात आयात, १८ टक्के जीएसटी आणि विक्रेत्याचा नफा यांमुळे हे आकडे तसेच्या तसे लागू होत नाहीत. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपच्या टंचाईमुळे भाव चढू लागले. म्हणून खरेदीच्या दिवशीचा भाव हाच तुलनेचा आधार धरावा.

पडदा आणि मेमरी

कार्डाची निवड पडद्यापासून सुरू करणे शहाणपणाचे ठरते. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला साठच चित्रे दाखवतो. कार्डाने दीडशे चित्रे तयार केली, तरी त्यांतील बहुतेक पूर्णपणे डोळ्यांपर्यंत पोहोचत नाहीत. घरात १९२० बाय १०८० आकाराचा साधा पडदा असेल आणि तो बदलण्याचा विचार नसेल, तर महागडे कार्ड वाया जाते.

खेळ कोणते, हेही तितकेच महत्त्वाचे. ‘व्हॅलोरंट’सारखा स्पर्धात्मक खेळ मुद्दाम साध्या संगणकावर चालावा अशा बेताने रचला आहे. त्यासाठी एएमडीच्या रायझन ५ ५६००जी सारख्या, चित्रप्रक्रिया अंगभूत असलेल्या प्रोसेसरवर स्वतंत्र कार्डाशिवायही भागू शकते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’सारख्या खेळासाठीही सर्वांत वरच्या श्रेणीचे कार्ड लागत नाही. ‘सायबरपंक २०७७’सारख्या अतिभव्य खेळाची गोष्ट निराळी. तेथे कार्डाचा खरा कस लागतो.

मेमरीबाबत मात्र काटकसर अंगाशी येते. नव्या मोठ्या खेळांत ८ जीबी मेमरी अपुरी पडू लागली आहे. मेमरी भरली, की सरासरी वेग ठीक दिसूनही मधूनच खेळ अडखळतो. येथे नावांचा सापळाही आहे. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डे ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत एकाच नावाने विकली गेली. आरटीएक्स ३०५० हे कार्ड २०२२ मध्ये ८ जीबीसह आले, तर २०२४ मध्ये त्याच नावाचे ६ जीबीचे, कमी वेगाचे रूप आले. बिलावर केवळ नाव न लिहिता मेमरीचा आकडाही लिहून घ्यावा.

जुना संगणक असेल तर

जिल्ह्याच्या ठिकाणी कार्यालयांतून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे संगणक स्वस्तात मिळतात आणि अनेक तरुण त्यातच कार्ड बसवू पाहतात. या ठिकाणी कंपनीची निवड आवडीनिवडीवर राहत नाही. तिची उत्तरे यंत्रच देते.

मदरबोर्डवरील खाच कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज पुरवते. त्याहून अधिक लागल्यास एसएमपीएसमधून स्वतंत्र वायर यावी लागते आणि कार्यालयीन संगणकांत ती बहुधा नसते. अशा वेळी ७० वॅटचे ६ जीबी आरटीएक्स ३०५०, ७५ वॅटचे जीटीएक्स १६५० किंवा ५३ वॅटचे आरएक्स ६४०० असे मोजकेच पर्याय उरतात. त्यांतही आरएक्स ६४०० मदरबोर्डशी केवळ चार मार्गिकांनी जोडले जाते. जुन्या मदरबोर्डवर या मार्गिकांचा वेग निम्मा असल्याने कार्डाची गतीही खालावते. जीटीएक्स १६५० जुन्या पिढीचे असून त्यावर डीएलएसएस चालत नाही. अशा यंत्रात आरटीएक्स ३०५० चे ६ जीबी रूप बहुधा सोयीचे पडते. कॅबिनेट अरुंद असेल, तर कमी उंचीचेच रूप बसेल, हेही मोजून पाहावे लागते.

इंटेलच्या आर्क कार्डांना ‘रीसाइझेबल बार’ ही मदरबोर्डची सोय आवश्यक असते. तिच्याशिवाय त्यांचा वेग लक्षणीय घटतो. साधारणतः इंटेलच्या दहाव्या पिढीपासून आणि एएमडीच्या रायझन ३००० पासून पुढच्या संगणकांत ही सोय मिळते. म्हणजे कागदावर सर्वांत किफायतशीर वाटणारे कार्ड जुन्या संगणकात सर्वांत निराश करणारे ठरू शकते.

वीज आणि ऊन

पोखर्णीच्या आराध्यदैवताची जयंती वैशाखात येते आणि ते दिवस परभणी जिल्ह्याच्या कडक उन्हाचे असतात. पारा ४३-४४ अंशांवर जाणे येथे नवलाचे नाही. कार्डांच्या चाचण्या मात्र बहुधा वातानुकूलित खोलीत, वीस-पंचवीस अंशांत घेतल्या जातात. खोलीचे तापमान जेवढे वाढते, जवळपास तेवढेच चिपचेही वाढते. चाचणीत ६८ अंशांवर राहणारे कार्ड पत्र्याखालच्या ४० अंशांच्या खोलीत ८३ अंशांच्या पुढे जाऊ शकते. मर्यादा जवळ आली, की चिप स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते, पंखे किंचाळू लागतात आणि खरेदीच्या वेळी तक्त्यात पाहिलेला वेग प्रत्यक्षात मिळत नाही.

त्यामुळे मराठवाड्यात कमी वीज घेणाऱ्या चिपला आणि मोठ्या सांगाड्याच्या दोन पंखी कार्डाला जादा गुण द्यायला हवेत. आरटीएक्स ५०६० साठी १४५ वॅट, आरएक्स ९०६० एक्सटीच्या १६ जीबी रूपासाठी १६०, तर आर्क बी५८० साठी १९० वॅट असा कंपन्यांचा आकडा आहे. जवळपास एकाच श्रेणीतील या कार्डांत ४५ वॅटपर्यंतचा फरक पडतो आणि ती सारी वीज अखेर उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. कार्डाच्या सॉफ्टवेअरमधून विजेची मर्यादा ८० टक्क्यांवर आणली, तर वेग थोडाच घटतो, तापमान मात्र बरेच उतरते. साठ हर्ट्झच्या पडद्यासाठी चित्रांची मर्यादा साठवर बांधून ठेवणे हा तर बिनखर्चाचा उपाय. उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट संगणकावर येणार नाही हे पाहावे, कारण त्या हवेत ओलावा असतो. धूळ दर दोन-तीन महिन्यांनी काढावी.

विजेचा चढउतार हा दुसरा शत्रू. ६०० व्हीएचा सर्वसाधारण यूपीएस सुमारे ३६० वॅटचाच भार पेलतो. खेळ रंगात असताना संगणक व पडदा मिळून हा भार ओलांडला, तर वीज जाताच यूपीएसही हात टेकतो. स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॅट छापलेले असले, तरी तो तेवढी वीज अखंड देईलच असे नाही. ‘८० प्लस’ प्रमाणित, नामांकित कंपनीचा एसएमपीएस आणि घराची योग्य अर्थिंग यांवर खर्च केलेले दोन-तीन हजार रुपये तीस हजारांच्या कार्डाचा विमाच होत. पैसे मर्यादित असतील, तर एक पायरी खालचे कार्ड व चांगला एसएमपीएस ही जोडी अधिक टिकाऊ ठरते.

हमी कोण पाळणार?

एनव्हिडियाची अभियांत्रिकी केंद्रे बंगळुरू, हैदराबाद आणि गुरुग्रामबरोबर पुण्यातही आहेत. मुंबईत ऑक्टोबर २०२४ मध्ये तिची मोठी परिषदही झाली. परंतु चिप जेथे रेखली जाते, तेथे कार्ड दुरुस्त होत नसते. हमी पाळण्याची जबाबदारी कार्ड बनवणाऱ्या कंपनीची आणि तिच्या भारतातील वितरकाची असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन दोन हजार रुपये स्वस्त मिळालेले कार्ड बिघडले, तर ते कोठे पाठवायचे, पाठवण्याचा खर्च कोणी करायचा आणि परत येईपर्यंत किती आठवडे लागतील, हे प्रश्न परभणी जिल्ह्यातील ग्राहकाने खरेदीपूर्वीच विचारले पाहिजेत. परभणीतील विक्रेता कार्ड स्वतः स्वीकारून सेवा केंद्राला पाठवण्याचे लेखी मान्य करत असेल, तर थोडी अधिक किंमत देणे न्याय्य ठरते. जीएसटी बिलावर कार्डाचा सिरियल क्रमांक असावा आणि हमी भारतातील वितरकाची आहे, याची खात्री करावी.

सॉफ्टवेअरचा आधार हीदेखील एक प्रकारची हमीच. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी खेळांनुरूप ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले असून त्यांना पुढे केवळ सुरक्षाविषयक सुधारणा मिळणार आहेत. म्हणून जुने जीटीएक्स १०६० स्वस्तात मिळत असले, तरी त्याचे उरलेले आयुष्य लक्षात घ्यावे.

वापरलेल्या कार्डांचा बाजार तर आणखी सावधगिरी मागतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची कार्यपद्धती बदलली आणि त्यासाठी रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे बाजारात आली. जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवून विकण्याचे प्रकारही घडले आहेत. आरएक्स ५८० च्या नावाखाली कमी क्षमतेचे ‘२०४८एसपी’ हे रूपही खपवले जाते. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर कार्डाची खरी ओळख दाखवते. कार्ड विक्रेत्यासमोर अर्धा तास चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

निवडीचा क्रम

या साऱ्याचा अर्थ कंपनीचे नाव निरर्थक आहे असा नव्हे. अभ्यासासाठी कुडा लागणार असेल, तर एनव्हिडियाला पर्याय शोधणे कठीण. केवळ खेळायचे असेल आणि संगणक नवा असेल, तर १६ जीबीचे रेडिऑन त्या दिवशीच्या भावात सरस ठरू शकते. अंदाजपत्रक तंग, पण मदरबोर्ड नवा असेल, तर इंटेलचाही विचार व्हावा. जुन्या कार्यालयीन संगणकात जे विजेत आणि जागेत बसेल तेच योग्य.

मात्र नावाचा प्रश्न शेवटी यावा. आधी पडदा आणि खेळ, मग मदरबोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट, त्यानंतर खोलीतील ऊन आणि गावातील वीज, पुढे हमी, आणि या सर्व चाळण्यांतून जी दोन-तीन कार्डे उरतील त्यांच्या त्या दिवशीच्या भावांची तुलना. या क्रमाने गेल्यास बहुतेक वेळा वाद घालण्याजोगे फारसे उरत नाही. ज्या पैशासाठी घराने एक हंगाम वाट पाहिली, त्या पैशाची वस्तू पुढची चार-पाच वर्षे विनातक्रार चालली, तर ती निवड बरोबर होती असे म्हणता येईल, मग खोक्यावरचे नाव कोणतेही असो.